काळ्या मातीतली कबर

कबर कमरेइतकी खणून झाली आणि उजवी भिंत खाली बसली. याकोबचा एक पाय मातीत गाडला गेला. आम्ही त्याला ओढून काढलं. चप्पल आतच राहिली.

"पाळकसाहेब, दुसऱ्यांदा झालं हे," तो म्हणाला. "आईला ठिवावं कुठं?"

ताडकळसच्या पलीकडे, ओढ्याकाठचं एक लहान गाव. सत्तरच्या दशकातला भाद्रपद. मी तेव्हा तिथला पाळक होतो, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा धर्मगुरू. मंडळी म्हणजे तीन घरं. त्यांतल्या याकोबची आई साळूबाई पहाटे वारली होती. मला गावातच ठेवा, परभणीला नेऊ नका, असं तिनं बजावून ठेवलं होतं. अडचण एवढीच, की गावात ख्रिस्ती लोकांना पुरायला जागा नव्हती.

सकाळी पाटलांकडे गेलो. त्यांनी ओढ्याकाठची एक पट्टी दाखवली.

"आज माती झाली तर ही जागा कायमची तुमची, पाद्रीबाबा. न्हाई झाली तर पुन्हा इषय काढू नका. उद्या पाण्यानं मुडदा उघडा पडला, तर गाव मलाच इचारंल."

बोलणं रोखठोक होतं, आणि त्यात चूक काही नव्हती.

काळी माती भिजली की फुगते आणि स्वतःच्याच वजनानं घसरते. कापसाला ती उत्तम, कबरीला वाईट. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत मला ग्रीक शिकवलं होतं. मातीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

तेवढ्यात परभणीहून जीप आली. आत आमचे सुपरिंटेंडंट, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या पाळकांवरचे साहेब. पांढरा स्वच्छ झगा, काळी छत्री, बगलेत प्रवचनाची जाडजूड वही. त्यांनी काठावरून खड्ड्यात डोकावून पाहिलं.

"प्रार्थना केलीत का?"

"केली, साहेब. खणायच्या आधी."

"मग हे असं का झालं?"

"माती ओली आहे."

साहेबांना हे उत्तर अपुरं वाटलं. त्यांनी स्वतः प्रार्थना केली. ती दीर्घ होती आणि भाषा सुंदर होती. पाऊस थांबावा असं तिच्यात तीनदा आलं. पाऊस चालूच राहिला. आमेन झाल्यावर डाव्या भिंतीचंही एक ढेकूळ सुटलं.

"जीपमधून परभणीला नेऊ," साहेब म्हणाले. "तिथं रीतसर सिमेट्री आहे. सहा फुटांचा नियम आहे, तोही पाळला जाईल."

याकोबला साहेबांना नाही म्हणता येईना. मला आलं.

"साहेब, हा नियम जिथं लिहिला तिथली माती वेगळी असणार. इथं चार फुटांवर पाणी लागतंय. मी चार फूट खणतो आणि वर दगड रचतो. आज ती इथून हलली, तर ही माणसं या गावात कधीच पुरली जाणार नाहीत."

"आणि भिंती?"

मी बाजूला जाऊन पुन्हा प्रार्थना केली. या खेपेला दोनच वाक्यं. पावसाबद्दल काही बोललो नाही. बळ मागितलं आणि डोकं चालू दे म्हटलं. डोळे उघडले तेव्हा समोर शेजारच्या सटवाजीची शेळ्यांची सपरी होती. तिला तुराट्यांचा कूड होता, म्हणजे तुरीच्या काड्या बांधून केलेली भिंत. लहानपणी मी तसल्याच घरात वाढलो. कूड वारा अडवतो. मग माती का नाही अडवणार?

सटवाजी बौद्ध. पेरणीत याकोबच्या जोडीनं राबणारा. त्याच्या दारात जाऊन मी सरळ मागणी केली.

"कूड मागायलाव? या पावसात?" तो म्हणाला. "अन् शेळ्यायनं काय करावं?"

"तेवढा विचार मी केला नाही."

"केलाच न्हाई म्हना की!" त्यानं आत हाक मारली. "ऐकलं का गं, आज शेळ्या घरात. पाद्रीबाबाचा हुकूम हाय."

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "मंग पाद्रीबाबालाच इथं झोपायला सांगा, शेळ्यायपाशी!"

तोवर सटवाजी सुंभ कापायला लागलाही होता.

एका बाजूची सोय झाली. दुसऱ्या बाजूचं काय? आम्ही पहिला कूड घेऊन पोचतो, तोवर बातमी पाटलांपर्यंत गेली होती आणि त्यांची बैलगाडी चिखलातून येत होती. गाडीत आखाड्यावरचा, म्हणजे शेतातल्या गोठ्याचा कूड.

"सटवाजीनं दिला अन् पाटलानं दिला न्हाई, असं उद्या कुनी म्हनाया नको," पाटील म्हणाले.

आता खरं काम. खालून आम्ही तिघं चिखल उपसत होतो आणि कुडांमध्ये बाभळीचे आडवे टेकू मारत होतो. वरून कूड सरळ धरायला माणूस कमी पडत होता. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी एकदा छत्रीकडे पाहिलं, एकदा झग्याकडे. मग छत्री मिटली, वही जीपमध्ये ठेवली आणि गुडघ्यांवर बसून कूड धरला. कुरकुर केली नाही. हे नोंदवलं पाहिजे.

भिंती टिकल्या. उजेड असतानाच साळूबाईला आत ठेवलं. पाटलांनीही मूठभर माती टाकली. वर दगड रचले. प्रवचन साहेबांनी पाठ होतं तेवढंच केलं. ते थोडंच निघालं, आणि मी त्यांच्याकडून ऐकलेलं सगळ्यात चांगलं.

ती पट्टी आजही ख्रिस्ती घरांकडे आहे. पाटील शब्दाला जागले.

देवाकडे बळ मागितलं की मिळतं, असा माझा अनुभव आहे. मात्र ते पुष्कळदा दुसऱ्यांच्या खांद्यांवर येतं. म्हणून आमेन म्हटल्यावर बसून राहू नये, शेजाऱ्याचं दार वाजवायला निघावं.