केरबाच्या ऑस्टिनची किंमत

आटपाडीच्या बैलबाजारात केरबाची बोटं प्रसिद्ध होती. खिलार बैलांचा तो दलाल. त्याच्या उपरण्याखाली गिऱ्हाइकाचा हात गेला, की बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. भाव मोठ्यानं बोलला की मालाला नजर लागते आणि बोलणारा उघडा पडतो, असं त्याचं ठाम मत. तीस वर्षांत त्यानं किमतीचा आकडा म्हणून कधी तोंडानं उच्चारला नव्हता. भाजी कितीला आणली हेसुद्धा तो बायकोला, मनुबाईला, बोटांनीच सांगायचा. तिलाही आता त्या भाषेत भांडता यायचं.

असा हा पक्का माणूस एका मोटारीपायी मात्र पार खुळा झाला होता. चौतीस सालची काळी ऑस्टिन. सांगलीच्या गोपाळकृष्ण वकिलांनी नवी गाडी घेतली, जुनी दारात धूळ खात पडली. वकिलांना कवठे महांकाळच्या शेतावर बैल हवे होते. केरबानं आपली जोडी दिली आणि ऑस्टिन घेऊन आला.

"दोन चालती जनावरं दिली आन् एक डबडं आणलं," असं मनुबाई तेव्हा म्हणाली, ते पुढची पंधरा वर्षं म्हणतच राहिली. केरबा रोज सकाळी गाडी पुसायचा, टपावर कोंबडी बसली तर तिच्या मागं गावभर पळायचा. गावातला नवरदेव त्याच गाडीतून मिरवायचा, तोही फुकट. फक्त दार हळू लावायचं, एवढी एकच अट.

शहात्तर साली माधवनगरात एक ट्रक मागं येता येता ऑस्टिनच्या मडगार्डवर चढला. विमा होता, म्हणून केरबा निर्धास्त होता. नवं मडगार्ड ठोकून घ्यायला सहाशे लागणार होते. विमा कंपनीकडून मंजूर झाले एकशेदहा.

तो तडक सांगलीला तात्यांकडे गेला. तात्या विम्याचे एजंट, दरवर्षी हप्ता तेच भरून घेत.

"अरे केरबा, साध्या विम्यात असंच असतं," तात्या म्हणाले. "नुकसान झालं की मग त्या दिवशीची किंमत धरायची, नव्या भागाच्या खर्चातूनही जुनेपणाचा घसारा कापायचा. तुझी गाडी बेचाळीस वर्षांची. कागदावर आता उरली नऊशेची."

"नऊशे? माझी गाडी?" केरबाच्या तोंडून तीस वर्षांतला पहिला आकडा निघाला, तोही रडवेल्या आवाजात.

"दुसरा एक विमा असतो, ठरीव किमतीचा. जुन्या, जपलेल्या गाड्यांसाठी. गाडी बघून, तुम्ही आणि कंपनी मिळून किंमत आजच ठरवायची. उद्या गाडी पूर्ण गेली, तर तेवढे पैसे मिळणार. हप्ता मात्र जास्त."

"म्हंजे बैल मेल्यावर दात मोजून त्याचं वय काढायचं न्हाई!"

"बरोबर."

"मग ह्ये आदी का न्हाई सांगितलं रं?"

"सांगितलं होतं. तू हप्ता कमी कर म्हणत होतास."

चूक केरबाचीच होती आणि ती त्याला चांगलीच झोंबली. स्वस्तातला विमा घेऊन आपणच आपल्या गाडीला भंगारात बसवलं, असं त्याला वाटलं. ठरीव किमतीचा विमा काढायला तात्यांना सांगून घरी येताना त्यानं मनात हिशेब मांडला. मागायचे दहा हजार, उतरायचं सहावर. त्याच्याखाली काही झालं तरी यायचं नाही.

ठरल्या दिवशी कंपनीचे अधिकारी एसटीनं आले, ते नेमके बाई निघाले. शरयू नाव, पंचविशीच्या, खांद्याला पिशवी, हातात वही. केरबाचा चेहराच पडला. परक्या बाईचा हात उपरण्याखाली धरायचा कसा?

शरयूबाईंनी तासभर गाडी तपासली. खाली वाकून बघितलं, इंजिन चालू करायला लावलं, जुनी कागदपत्रं, दुरुस्तीच्या पावत्या पाहिल्या. अंगणात तोवर निम्मी आळी गोळा झाली होती. शेजारचा आकाराम तर बसायला घोंगडं घेऊन आला होता.

"छान ठेवलीय हो गाडी," त्या म्हणाल्या. "केरबाकाका, तुमच्या मते हिची किंमत किती?"

केरबानं तोंड उघडलं, आकारामकडे पाहिलं आणि मिटलं. बोटं आपोआप वळवळली, पण शब्द फुटेना.

"बोल की गड्या!" आकाराम ओरडला. "का भंगारवाल्याला इचारू?"

"काका, तुम्ही काहीच सांगितलं नाहीत, तर मला जुनाच आकडा लिहावा लागेल," शरयूबाई म्हणाल्या.

नऊशे! केरबाला तात्यांचा आकडा आठवला. तेवढ्यात मनुबाई चहाची कपबशी खाली ठेवून पुढं आली. ती शरयूबाईंच्या शेजारी बसली, आपला पदर त्यांच्या हातावर टाकला आणि म्हणाली, "ताई, एक बोट धरलं की एक हजार. आता तुमी बोला, मी बोलते."

शरयूबाई खळखळून हसल्या. पदराखाली हालचाल सुरू झाली. केरबाचा जीव मात्र टांगणीला लागला. पंधरा वर्षं गाडीला डबडं म्हणणारी बायको तिचा भाव करत होती! मागच्याच महिन्यात तिनं भंगारवाल्याला घर दाखवलं होतं. दोन हजारांत उरकून टाकील आणि वर म्हणेल, लय झालं. शरयूबाईंनी एकदा मान हलवली, एकदा डोळे मोठे केले. मनुबाईचा चेहरा मात्र दगडासारखा होता. इतका मुरलेला दलाल केरबानं बाजारातसुद्धा पाहिला नव्हता.

"ठरलं," मनुबाई म्हणाली. शरयूबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "मावशी, वरिष्ठांना हे पटवताना मला तुमचा पदर लागणार," म्हणाल्या आणि एसटी गाठायला निघाल्या.

"किती?" केरबानं विचारलं.

"सौद्याचा आकडा बोलायचा नसतोय," मनुबाई म्हणाली.

पंधरा दिवस केरबाला अन्न गोड लागलं नाही. मग एका दुपारी टपालानं पॉलिसी आली. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण आकडे येत होते. त्यानं बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं. नऊ हजार.

तो कागद घेऊन चुलीपाशी गेला. "अगं, ही नऊ हजाराची हाय व्हय? मी सहावर उतरणार हुतो."

मनुबाई भाकरी थापत होती. "गाडी सहाचीच हाय," ती म्हणाली. "पण उद्या ती गेली, तर तुमचं तोंड रोज मला बघायला लागंल. त्याचं तीन धरलं. ताईंनीबी गुमान मान्य केलं."

केरबाला हसू आलं आणि डोळेही भरले. तो तिथंच जमिनीवर बसला आणि मोठ्यानं, शेजारी आकारामलाही ऐकू जाईल असं ओरडला, "नऊ हजार!"