उत्तनच्या वाटेवर ऐकलेली घंटा

बाबांनी लॉरीची भट्टी पेटवली तेव्हा नाशकात नीट उजाडलंही नव्हतं. लढाईचे दिवस. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून लॉरीच्या बगलेला पिंपाएवढी भट्टी बसवलेली. तिच्यात कोळसा जाळायचा आणि त्या धुरावर गाडी चालायची. हे सांगितलं की माझी नातवंडं म्हणतात, "आजी, काहीपण!" पण चालायची हो. दमेकऱ्यासारखी खोकत खोकत चालायची.

उत्तनला राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं उठून दुसरीकडे रुजलेल्यांनो, तुमच्यासाठी हे लिहितेय. शाळा मला मिळाली नाही, अक्षरं माझी मीच गिरवली, तेव्हा बोलते तसंच लिहिणार.

माझे आयबाबा दोघं उत्तनचे, कोळी ख्रिस्ती. पण बाबांना समुद्र लागायचा, होडीत बसले की ओकायचे. कोळ्याच्या पोराला समुद्र लागतो म्हटल्यावर गाव हसणार नाही तर काय! म्हणून ते मोटारीचं काम शिकले आणि मी रांगत होते तेव्हाच आम्हाला घेऊन नाशकाला आले. आय म्हणायची, "जाऊ गो, जाऊ माहेरला." वर्षं गेली, जाणं काही झालं नाही.

त्या हिवाळ्यात गावाकडचा एक माणूस निरोप घेऊन आला. आजाला दम्यानं धरलंय, अंथरुणातून उठवत नाही, लेकीचं नाव घेतो. मोठ्या आयनं, म्हणजे माझ्या आजीनं, सांगून पाठवलं होतं, "नाताळाला ये. मागनं येऊन उपेग न्हाय."

आयनं बापासाठी जाड घोंगडी घेतली, मधाची बाटली घेतली. आणि ट्रंकेच्या तळाशी, मी बघत नाही असं समजून, काळं लुगडं घातलं. बाबांनी विचारलं, "आणि मोठ्या आयला काय?"

"तिला काय लागतंय? धडधाकट बाई ती. मला बघितलं की तिचं झालं."

कसाऱ्याच्या घाटात लॉरी दोनदा अडली. बाबा उतरायचे, राख काढायचे, शिव्या द्यायचे, पुन्हा चढायचे. मागे कांद्याच्या गोणी, पुढे आम्ही तिघं धुरानं काळे. आय आजासाठी सारखी म्हणायची, "आपण पोचेपर्यंत तरी बाबा राहू दे." भिवंडीला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी ठाण्यावरून घोडबंदरच्या वाटेनं काशीमिऱ्याला आलो. आता तिथं ट्रकांच्या रांगा, हॉटेलं, गॅरेजं. तेव्हा नुसती झाडी होती. बाबांना कांदे घेऊन मुंबईला जायचं होतं. आम्हाला उतरवून म्हणाले, "मी परवा येतो. म्हाताऱ्याला म्हणावं, जावई येतोय, दम धर."

मोरव्याचा एक गाडीवान रिकामी बैलगाडी घेऊन चाललेला. मोरवा म्हणजे आमच्या वाटेवरचंच गाव. त्यानं विचारलं, "कुनाची गो तू?"

"उत्तनच्या बस्त्यावची लेक मी."

"बस्त्यावची? न् बोलतंस अशी बामनीनसारकी?" तो हसला. "बस, सोडतो उत्तनपरेंत."

आय पण हसली. त्या प्रवासात पहिल्यांदा. भाईंदर गेलं, दोन्ही बाजूंना मिठागरं, पांढरे ढीग. वाऱ्याला खारट थंडी होती. डोंगरीच्या चढणीला बैल हळू झाले आणि वाऱ्याबरोबर घंटेचा आवाज आला. एक बारीक टोला, मग एक जड. थांबून पुन्हा बारीक, पुन्हा जड.

"तुमच्या देवलाची घंटा," उत्तनच्या चर्चच्या दिशेनं बघत गाडीवान म्हणाला. "कोन गेला गो?"

आय ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा गेला."

"कशावरनं?"

"दुसरं कोण जायचंय?"

तिनं गाडी थांबवली, ताडाच्या आड जाऊन काळं लुगडं नेसून आली आणि केस सोडले. वेशीपासून तिनं जो टाहो फोडला, तो अजून माझ्या कानात आहे. "बाबा रे माज्या, थांबला न्हायस रे! तुज्या कतरूसाठी दोन दीस थांबला न्हायस!" नाशकात एवढी वर्षं न बोललेली बोली तिच्या तोंडून आपोआप यायला लागली. गल्लीतल्या बाया दारात येऊन आमच्याकडे बघत होत्या. त्यांची नजर विचित्र होती.

घर आलं. ओट्यावर उशांना टेकवून आजा बसलेला. जिवंत.

आय जागच्या जागी थांबली आणि मोठ्यानं हसली. हसत हसत जाऊन त्याच्या गुडघ्यांना मिठी मारली. "बाबा! हायस तू! अरे, हायस!" तिचं हसणं थांबेना. ओट्यावरचं दुसरं कोणीच हसत नव्हतं.

आजानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. दम खात खात म्हणाला, "कतरू, बारकी घंटा पैली वाजली. आयकली न्हायस?"

आमच्या गावची रीत तुम्हाला ठाऊक आहे. बाप्या गेला तर मोठी घंटा आधी, बाई गेली तर लहान. शेंबड्या पोरालाही कळतं. आयलाही एके काळी कळत होतं.

मोठी आय आतल्या खोलीत होती. सकाळी वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालताना खाली बसली, ती उठलीच नाही. आमच्यासाठी केलेल्या नेवऱ्यांचा, नाताळच्या करंज्यांचा, डबा फळीवर भरलेला होता. त्या घरात चूल पेटली नाही, म्हणून मला त्याच नेवऱ्या खायला दिल्या. मी खाल्ल्या. भूक लागली होती.

आणि आय रडली नाही. मावश्या वाट बघत होत्या, पण तिला रडूच येईना. होतं नव्हतं ते सगळं वाटेवर बापासाठी रडून झालेलं. मातीच्या वेळी मागून कोणीतरी बोललं, "आयसाठी टिपूस न्हाय. नाशिकवाली झाली." घोंगडी आजानं अंगावर घेतली नाही. म्हणाला, "माजी थंडी काय ती! मातीत तिला थंडी वाजंल, तिला घाला." पुरताना तिच्यावर तीच घातली. स्वतःच्या आईसाठी आयच्या हातून गेलेली तेवढी एक वस्तू, तीही बापासाठी आणलेली.

पुढच्या पावसाळ्याआधी आजाही गेला. नाशकात आम्हाला कुठली घंटा ऐकू येणार?

परत आल्यावर एक दिवस आयनं मला चुलीपाशी बसवलं. एक वाटी आणि एक पातेलं पालथं घातलं. पळीनं वाजवून दाखवलं. "ही बाई. हा बाप्या. वाजव." चुकलं की माझ्या हातावर पळी बसायची. नाशकात त्याचा काय उपयोग, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

आता मी भाईंदर पूर्वेला लेकाच्या फ्लॅटमध्ये असते. उत्तन बसनं जाण्याएवढं जवळ. पण शेजारच्या विंगमधली बाई गेलेली मला लिफ्टमधल्या कागदावरून कळते, तेही माती उरकल्यावर. नातवंडं विचारतात, आजी, तुझं घर नक्की कुठलं गं, नाशिक, उत्तन की हे? मी म्हणते, घंटा वाजली की कोण गेलं ते जिथं विचारावं लागत नाही, ते घर. तसं घर आयचं होतं, तिचं ते सुटलं. माझं तर कधी नव्हतंच, मला फक्त पळी लागली.

आय नाशकातच वारली, तेव्हा पोरं सगळ्यांना फोन करत होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि वाजवलं. आता थोरल्या नातीलाही शिकवलंय. ती हसते, पण वाजवते बरोबर. तिला सांगून ठेवलंय, मी गेले की फोन मागाहून कर. आधी वाटी, मग पातेलं.