चौकीतला माझा कागद

माघ शुद्ध अष्टमीला पहाटेच्या मोटारीने मी वाई सोडली. पुण्यास गाडी पकडली आणि दिवे लागायच्या आधी ठाण्यास उतरलो. मुंबईस जाणारा माणूस राणीची बाग बघतो, चौपाटी बघतो, नातवंडांसाठी खाऊ घेतो. मी यांतले काहीच केले नाही. वाचनालयाच्या मंडळींनी प्रवासाची हकीकत मागितली म्हणून लिहितो आहे, पण तीत प्रेक्षणीय स्थळ एकच आहे. मुलुंडच्या खाडीकाठची मिठाची जुनी चौकी.

निमित्त झाले भाच्याच्या पत्राचे. वसंता मुलुंडला राहतो, एका कचेरीत चांगल्या हुद्द्यावर आहे. त्याने लिहिले होते, “अप्पामामा, इथल्या जुन्या चौकीत गावच्या मास्तरांनी वस्तुसंग्रह उघडला आहे. त्यात काचेखाली एक मोडी कागद आहे आणि खाली चक्क तुमची सही! मुलुंडच्या इतिहासात मामाचे नाव. येऊन बघाच.” कोणता कागद ते मला वाचताच कळले. मीठखात्याच्या त्या चौकीत कारकून होतो तेव्हा तो मीच लिहिला होता, आणि तो खोटा होता. त्याने चांगो नावाच्या एका माणसाची नोकरी गेली, आणि नाव त्याहून अधिक गेले. चाळीस वर्षे मी हे कोणाला सांगितलेले नाही. आता सत्तरी जवळ आली. म्हटले, जाऊ या.

ठाण्याहून टांगा केला. टांगेवाला बोलका होता. मुलुंड आता फार वाढले, रोज एक नवी चाळ उभी राहते, म्हणाला. मी डावीकडे बघत होतो. माझ्या वेळी तिकडे खाडीपर्यंत नुसती भातखाचरे आणि त्यांच्या पलीकडे आगरे (मीठ पिकवायची शेते) होती. आगरे अजून आहेत. मावळतीच्या उन्हात मिठाच्या राशी गुलाबी दिसत होत्या. हे मात्र मी विसरलो होतो की त्या इतक्या सुंदर दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंता मला चौकीवर घेऊन गेला. काळ्या दगडाची बसकी इमारत, हातभर जाडीच्या भिंती, पुढे ओटी, खाडीकडे दोन खिडक्या. कौले नवी घातली आहेत. म्हात्रे मास्तर दारातच उभे होते. पन्नाशीचे, जाड चष्मा, खादीचा सदरा. चौकी सरकारने सोडली तेव्हा तिच्यात शेळ्या बांधत असत. मास्तरांनी अर्ज करकरून ती मिळवली आणि गावातल्या घराघरांतून वस्तू गोळा केल्या. कोणी देईना, तेव्हा मास्तर शाळेच्या पोरांच्या हाती चिठ्ठ्या पाठवू लागले: तुमच्याकडे निरुपयोगी असे जुने काय आहे? एका घरून सासूबाईंचे नाव आले, असे त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितले.

वस्तू मात्र जीव लावून मांडल्या होत्या. मीठ ओढायची लाकडी फळी, वाहून वाहून तळ गेलेल्या टोपल्या, मचव्याचा (मालाच्या होडीचा) नांगर, खाडीच्या चिखलात सापडलेले निळ्या नक्षीच्या चिनी बशांचे तुकडे. काचेच्या बरण्यांत सहा आगरांचे मीठ. दर पावसाळ्यात ते पाझरून बरणीत पाणी होते आणि मास्तर दरवर्षी नवे भरतात. “इतिहास आमचा असा आहे, वर्षाला विरघळतो,” मास्तर म्हणाले.

खिडकीजवळच्या कोपऱ्यात, जिथे पूर्वी माझे मेज असे, बरोबर तिथे ती काचपेटी होती. शेजारी उघाडीची फळी उभी केली होती. उघाडी म्हणजे बांधातले दार. भरतीचे पाणी आगरात घ्यायचे तेव्हा फळी उचलायची, पुरे झाले की खाली सोडायची. काचेखाली माझा कागद. मास्तरांनी त्याचा मथितार्थ बालबोध अक्षरात लिहून लावला होता: ‘उघाडीवरील रखवालदार चांगो याच्या हयगयीमुळे बांध फुटून गावची भातशेती बुडाली, त्याबद्दलचा सरकारी अहवाल.’

“कागद एकच असा आहे आमच्याकडे, सरकारी शिक्क्याचा,” मास्तर अभिमानाने म्हणाले. मग हसून त्यांनी सांगितले की गावात अजून म्हण आहे. कोणी दार उघडे टाकून गेला की बायका ओरडतात, ‘काय रं, चांगोची उघाडी हाय काय?’ वसंताही हसला.

मी काचेवर हात टेकला आणि म्हणालो, “मास्तर, हा अहवाल मी लिहिला आहे. आणि यात चांगोबद्दल जे आहे ते खरे नाही. हयगय माझी होती.”

मास्तरांनी मला ओटीवर बसवले, आणि मी जे घडले ते पहिल्यांदा बोललो.

त्या साली कोजागिरी पौर्णिमेला वरिष्ठ साहेब तपासणीला यायचे होते. मी पंचविशीतला कारकून, नवा, हुशारीचा गर्व असलेला. साहेबांना आगराचे साठवणीचे तळे काठोकाठ भरलेले दाखवायचा माझा बेत होता. भरतीची वेळ काढायचा हिशेब किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकरानंतर पाणी उतरू लागणार. मी चांगोला हुकूम केला की साहेब येईपर्यंत फळी सोडायची नाही. चांगो म्हणाला, तो हिशेब बंदरातला, खाडीच्या या टोकाला पाणी तासभर उशिरा येते, आणि आज उधाण आहे. मी म्हणालो, पंचांग तुला कळते की मला? साहेब बाराला आले. पाणी चढतच होते. मग फळी सोडायला गेलो तर पाण्याच्या जोराने ती खोबणीत बसेना. चांगो छातीभर पाण्यात उभा राहून फळी दाबत होता. शेजारचा बांध खचला आणि खारे पाणी तयार भातात शिरले. ओंब्या वाकलेल्या होत्या, कापणी चार दिवसांवर होती. पुढची तीन वर्षे त्या खाचरांत काही पिकले नाही.

साहेबांनी मला विचारले, फळी वेळेवर का सोडली नाही? मी रात्रीतून अहवाल लिहून दिला.

मास्तरांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग सांगितले की चांगो वारला त्याला पंचवीस वर्षे झाली. मुलगी आहे, जोमाबाय, गावातच राहते. वस्तुसंग्रह उघडला त्या दिवशी सगळा गाव आला होता. ती आली नाही, नंतरही कधी आली नाही. मी म्हणालो, मला खरी हकीकत लिहून द्यायची आहे, आणि ती आधी जोमाबायला कळावी. मास्तर संध्याकाळी तिच्याकडे जाऊन येतो म्हणाले.

परतताना वसंता माझ्यापुढे दहा पावले चालत होता. घराजवळ थांबला आणि म्हणाला, “मामा, हे कशाला उकरून काढलंत? कोणाला आठवत होतं? उद्या माझ्या कचेरीत कळलं तर काय सांगू मी?”

मी म्हणालो, सांग की मामा खोटे बोलला होता. त्यावर तो म्हणाला, असे कोण सांगते हो. रात्री जेवताना मात्र त्याने वाटीतले तूप न विचारता माझ्या भातावर वाढले. तो लहानपणापासून असाच आहे, भांडण तोंडावर ठेवून माया हाताने करतो.

रात्री मास्तरांचा निरोप आला. जोमाबायने सांगितले होते, उद्या सकाळी सात वाजता कारकुनाला बांधावर पाठवा, घड्याळ घेऊन. लिहायचे ते मग लिहा.

बांधावर पोचेपर्यंत माझी एक चप्पल चिखलात रुतून राहिली. मास्तरांनी काठीने शोधली, मिळाली नाही. अनवाणी एका पायाने, वसंताचा खांदा धरून, मी उघाडीपाशी पोचलो. तिथे जोमाबाय उभी होती. साठीच्या आसपासची, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत लुगडे, हातात विळा. माझ्याकडे तिने वरपासून खालपर्यंत बघितले.

“तूच तो कारकून? म्हातारा झालास.” मग लगेच, “आज तिथी कनची?”

मी म्हणालो, दशमी.

“मंग कर तुजा हिशेब.”

दहाची पाऊणपट साडेसात. मी तसे सांगितले. ती म्हणाली, साडेसात वाजले की सांग. आम्ही चौघे बांधावर उभे राहिलो. खाडीतून वारा येत होता, तिवरांच्या (खाऱ्या पाण्यातल्या झाडांच्या) मुळांवरून पाणी सरकत होते. एक मासेमारी होडी आली आणि गेली. साडेसात वाजले, मी सांगितले. पाणी चढत होते. पावणेआठ. पाणी चढत होते. आठ वाजता वसंता खाली वाकून बांधाच्या दगडावर पाणी किती चढले ते बोटांनी मोजू लागला आणि म्हणाला, “मामा, अजून चढतंय हो.” साडेआठला कुठे ते थांबले. पाण्यावरचा पालापाचोळा एका जागी गोल फिरू लागला, मग हळूच समुद्राकडे निघाला.

“यो माज्या बापसाला ठावं व्हता,” जोमाबाय म्हणाली. “त्याला घड्याल नव्हता.”

मी हात जोडले. मी म्हणालो, त्याने मला सांगितले होते, मी ऐकले नाही, आणि नंतर खोटे लिहिले. तिने माझ्या जोडलेल्या हातांकडे पाहिलेच नाही.

“तो सगल्यांना सांगायचा, कारकुनानं हुकूम केला म्हनून. कोनी नाय मानला. सरकारचा कागद कुटं खोटा असतो?” विळ्याने तिने बांधावरचे गवत उगाच कापले. “मी पन नाय मानला. माज्या लग्नाचा बोलना मोडला तवा मी त्याला खोटारडा बोल्ली. तो मंग बोलायचाच थांबला. मेला तरी बोलला नाय.”

मला जन्मभर वाटत होते की मी एका माणसाची नोकरी आणि अब्रू घेतली. त्याच्या मुलीचा विश्वासही मीच घेतला होता, हे मला त्या बांधावर कळले. मास्तर पाण्याकडे बघत होते. शेवटी तीच म्हणाली, “चल. ल्ही आता.”

चौकीत माझ्या जुन्या जागी मास्तरांनी टेबल लावले. मी बालबोध अक्षरात लिहिले, कारण मोडी आता मुलांना वाचता येत नाही. काय हुकूम केला, चांगोने काय उत्तर दिले, तो छातीभर पाण्यात कसा उभा होता, आणि अहवाल कोणी व का खोटा लिहिला. एक पान झाले. अक्षर चांगले आले नाही. वसंता शेजारी उभा होता. साक्षीदार म्हणून सही कोणाची घ्यावी असे मास्तर म्हणाले, तेव्हा त्याने खिशातून आपले पेन काढले आणि पूर्ण नावाने सही केली.

तोवर ओटीवर दहाबारा माणसे जमली होती. जोमाबाय पहिल्यांदाच चौकीच्या आत आली. मास्तरांनी कागद मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर ती म्हणाली, परत वाच. दुसऱ्यांदा वाचला. मग तिने ओटीवरच्या एका म्हाताऱ्याला नावाने हाक मारून आत बोलावले, भिंतीशी उभे केले, आणि म्हणाली, “आता याच्यासाठी वाच. यानं माज्या बापसाला इहिरीवर पानी भरू दिला नव्हता.” तो म्हातारा मान खाली घालून तिसरे वाचन ऐकत राहिला. नंतर त्याने डोक्यावरची टोपी काढली.

मला तिने क्षमा केली असे मी लिहिणार नाही, कारण तिने केली नाही. मीही मागितली नाही. दुपारी मास्तरांच्या घरी तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे जेवलो. मी कांदालसूण खात नाही म्हणून मास्तरांच्या पत्नीने वेगळे केले होते. जोमाबाय जेवायला आली नाही. पण निघताना वेशीपाशी तिच्या सुनेने चपलांचा एक जुना जोड माझ्यापुढे ठेवला आणि सांगितले, म्हातारीने दिलाय, एका पायाने ठाण्याला कसा जाशील म्हणून. चपला दोन बोटे मोठ्या होत्या. घाटात गाडी चढू लागली तेव्हा त्या मी पायांतून काढून मांडीवर घेतल्या, आणि पुण्यापर्यंत तसाच बसलो.

घरी येऊन तीन आठवडे झाले. झोप बरी लागते, एवढेच म्हणू शकतो. केलेले पुसले जात नाही. चाळीस वर्षे मला वाटायचे की आता सांगून कोणाचे काय भले होणार, ज्याचे व्हायचे तो तर गेला. हा विचार सोयीचा होता, म्हणून मला तो खरा वाटत होता. ज्यांच्यापाशी असे काही अडकून आहे, त्यांनी आपल्या सोयीवर विश्वास ठेवू नये, इतके मी या प्रवासातून आणले.

परवा मास्तरांचे पत्र आले. दोन्ही कागद आता एकाच काचेखाली शेजारी लावले आहेत. मुले विचारतात यांतला खरा कोणता, आणि ते सांगायला दर रविवारी सकाळी जोमाबाय स्वतः चौकीत येऊन बसते. मागच्या आठवड्यात मुलुंडच्या शाळेचा एक वर्ग आला होता, त्यांना तिने उघाडीची फळी कशी सोडायची ते करून दाखवले. मास्तरांनी शेवटी संकोचून लिहिले आहे की ती तुमच्याबद्दल पोरांसमोर फार कडक बोलते, तिला थोडे समजावू का?

मी उलट टपाली कळवले, ती बोलते ते सगळे खरे आहे, तिला अडवू नका. सकाळभर बोलायचे म्हणजे पाठ दुखत असेल. तिला पाठीची एक चांगली खुर्ची द्या.