काय निघालं?

ज्याला एकच आजार असतो, त्याच्याकडे सांगायला एकच गोष्ट असते. आमचं तसं नाही. थायरॉईडचे डॉक्टर वेगळे, हार्मोनच्या मॅडम वेगळ्या, सांध्यांचे सर वेगळे. प्रत्येक वेटिंग रूममधून एखादा किस्सा मागं लागतोच. मी नांदेडची, सांध्यांचे डॉक्टर लातूरला. तिथल्या बाकड्यावर आम्हा पेशंटची चांगलीच गट्टी जमलीय!

*

मला आधी थायरॉईड निघालं, मग पीसीओडी. हात सुजायला लागले तेव्हा पुन्हा रक्त तपासलं, तर डॉक्टर म्हणाले, "ल्युपस असू शकतो, नसूही शकतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते."

नेमकी तेव्हाच घरात माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं. दोन ठिकाणी मी खरं ते सांगितलं. दोन्हीकडून परत फोन आला नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? लग्न मला करायचं होतं, पण लपवून नाही.

नातेवाइकांचे फोन मात्र रोज. "काय निघालं?"

आई शांतपणे सांगायची, "निकाल राखून ठेवलाय!"

*

बाकड्यावरच्या शेवंताकाकू अर्धापूरच्या. घरची केळीची बाग. सांधेदुखीसोबत थायरॉईडही. वर्षभर त्याची गोळी घेऊनही त्यांचा रिपोर्ट जिथल्या तिथं.

"काकू, गोळी उपाशीपोटी घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाव, चहासंग."

"अहो, चहा नाही चालत! गोळीनंतर तासभर काहीच नाही."

"चहा घेतल्याबिगर माझं तोंडच उघडत न्हाई, गोळी जाईल कुठून?"

शेवटी काकूंनी ऐकलं. आता पहाटे गोळी घेतात आणि चहा मिळेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलत नाहीत. पुढच्या खेपेला काका खास डॉक्टरांचे आभार मानायला आले!

*

बाकड्यावरचे दुसरे पेशंट म्हणजे आमचे सर. शाळेत पी.टी. शिकवायचे, आता रिटायर्ड. त्यांना स्टिरॉइड सुरू झालं आणि गाल टम्म फुगले. गावात जो भेटेल तो म्हणतो, "सर, तब्येत लई सुधारली!"

सर सांगतात, "जल्मभर ग्राउंडवर पळलो, कुणी तब्येत चांगली म्हणलं न्हाई. आता खुर्चीतून उठता येईना, तर गाव कौतुक करून राहिलं!"

*

मला डॉक्टर म्हणाले, "उन्हापासून जपा, असल्या आजारात ऊन बाधतं."

बाबा सोबत होते. "साहेब, आमी नांदेडला राहतो. हिला सांगून काय उपयोग? उन्हालाच सांगावं लागंल!"

त्या दिवशी मी धीर करून विचारलं, "डॉक्टर, पण नक्की नाव काय? लोकांना सांगायचं काय?"

"नाव सावकाश ठरू द्या. सूज उतरलीय, रिपोर्ट सुधारलाय. औषध लागू पडतंय, ते आधी बघू."

मला एवढा आनंद झाला की स्टँडवर मी बाबांच्या प्लेटमधली भजीसुद्धा खाल्ली.

*

मग तिसरं स्थळ आलं, निलंग्याचं. मावशीनं बजावलं, "थायरॉईडपुरतं सांग. बाकीचं डॉक्टरलाच ठाऊक न्हाई, तू कशाला सांगतीस?"

पाहुण्यांना मी अकराचा टाइम द्यायला लावला होता, कारण सकाळी माझी बोटं नीट मिटत नाहीत. पाहुणे आठलाच दारात हजर! मावशीनं चहाचा ट्रे माझ्या हातात दिला. "पोरीनंच न्यायचा असतो."

बैठकीच्या दारातच कप वाजायला लागले. कसाबसा ट्रे टीपॉयवर टेकवला. अर्धा चहा बशीत.

"घाबरली पोरगी," मावशी हसून म्हणाली.

"घाबरले नाही," मी म्हणाले. "सकाळी माझे हात आखडतात. थायरॉईड आहे, पीसीओडी आहे. तिसऱ्या आजाराचं नाव अजून डॉक्टरांनाही ठरवता आलेलं नाही. गोळ्या चालू आहेत, फरक पडतोय."

मावशीनं डोळे मिटले. मुलानं आईकडं बघितलं. सगळ्यांनी कप उचलले होते, त्या माउलीनं कपाला हात लावला नव्हता. तिनं पदराखालचा हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवून दुसऱ्या हातानं एकेक आखडलेलं बोट सरळ केलं.

"पोरी," ती म्हणाली, "तुझ्या त्या डॉक्टरकडं नंबर लावायला किती वाजता यावं लागतं?"