सोहार ते खसब, सरळ रेषेत

दयानंद कुबलला अंतर कुणी विचारू नये, एवढं शहाणपण ओमानमधल्या सोहारच्या मालवणी मंडळींना केव्हाच आलं होतं. माणूस एसी दुरुस्तीतला, पण बोलायचा पृथ्वीचं माप घेऊन जन्माला आल्यासारखा. मुंबईचं विमान कधी सुटतं, एवढंच विचारलं तरी हा आधी समुद्रावरून सरळ किती किलोमीटर ते सांगणार, मग किती मिनिटं ते. सगळं ज्ञान मोबाइलवरच्या एका वेबसाइटचं. दोन गावांची नावं टाकायची, आकडा वाचायचा आणि मिशीवरून हात फिरवायचा. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

त्याची बहीण विशाखा पार उत्तरेच्या टोकाला, खसबच्या इस्पितळात नर्स होती. नवरा बोटीवर. २०१६ साली तिचे दिवस भरत आले तशी मालवणात आई निघायची तयारी करू लागली. पहिलं बाळंतपण, माहेरचं माणूस जवळ हवंच. दयानंदने मोबाइल काढला. सोहार विमानतळ ते खसब विमानतळ: चाळीस मिनिटं.

"आवशीक कित्याक त्रास देतंस?" तो फोनवर म्हणाला. "मी आसंय मां! कळ इली काय फोन कर. तुझो च्या निवायच्या आत पोचतंय."

"नक्की मां, दादा?"

"गो, नेटवर लिवलला आसा!"

आईने भरलेली पिशवी परत रिकामी केली. भावाच्या शब्दावर विशाखा निर्धास्त झाली.

फोन आला आणि दयानंद विमानतळावर ऐटीत हजर झाला. खिडकीवरच्या ओमानी मुलाने त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"खसब? पहले मस्कत जाओ. उधर से फ्लाइट."

मस्कत दक्षिणेला! उत्तरेला जायचं तर आधी उलटं दोन-अडीच तास खाली जायचं? दयानंदने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. "ये देखो, फोर्टी मिनिट!"

"सदीक, मेरे दोस्त, ये डिस्टन्स है," मुलगा हसला. "इस में फ्लाइट किधर है?"

वेबसाइटने अंतराला विमानाच्या वेगाने नुसता भागाकार केला होता. विमान आहे असं ती बिचारी कुठे म्हणाली होती? गाडीने जावं तर मधे अमिरात हा दुसरा देश, त्यासाठी पासपोर्ट हवा. तो अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या कपाटात, आणि किल्ली खिशात घालून अर्बाब निझवाला गेलेला. फोन केला तर म्हणाला, "बुकरा, इन्शाल्ला." म्हणजे उद्या बघू. दयानंद टॅक्सी करून मस्कतला धावला. त्या दिवशीचं विमान भरलेलं, दुसऱ्या दिवशी खसबला वारा सुटला म्हणून उड्डाण रद्द.

तो पोचला तेव्हा भाचा दोन दिवसांचा झाला होता. कळा सोसताना विशाखाचा हात धरून बसली होती ती शेजारची खुदेजाभाभी, रत्नागिरीची. अजूनही तीच बाळाचे कपडे वाळत घालत होती.

इतकं होऊनही मामाचा तोरा उतरला नव्हता. पहिलं चाटण ज्याच्या हातचं, त्याचे गुण बाळाला लागतात म्हणून त्याने मस्कतहून मधाची भलीमोठी बाटली आणली होती. बोट बुडवून तो पुढे सरसावला.

विशाखाने बाळाला पदराआड घेतलं.

"रवांदे, दादा. भाभीन परवाच चाटयल्यान." मग बाळाकडे बघून म्हणाली, "देवान वाचवल्यान तुका."