पन्नास सायकलचा कान

माझ्या मुलीने मला दहा अल्बम ऐकायला लावले, आणि दहावा ऐकताना मला भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून घ्यावं लागलं. ते का, हे सांगणारच आहे. पण आधीच्या नऊ अल्बमांनी माझी जी काय धमाल उडवली, ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

पाटोद्यात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात. आतली काळी पडलेली तार उपटायची, नवी भरायची, बेअरिंग बघायचं, टेबलावर चालवून द्यायची, असं हे काम. एप्रिल-मे म्हणजे आमचा सीझन. दुकानासमोर मोटारींची रांग आणि प्रत्येक मोटारीमागे "आजच पायजे" म्हणणारा एक माणूस.

अशा ऐन सीझनमध्ये मुलीने पुण्याहून फोन केला. ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. पुढे बी.एड. करायचं आणि जवळपासच्या शाळेत लागायचं, हे मी तिच्या दहावीपासून ठरवून ठेवलं होतं. तिने मात्र परस्पर साउंड रेकॉर्डिंगच्या कोर्सची परीक्षा दिली होती, पास झाली होती, आणि मे अखेर प्रवेश घ्यायचा होता. माझं डोकं फिरलं.

"आवाज ऐकून कुणाचं पोट भरतंय का बे?" मी ओरडलो. 'बे' आम्ही बाप्यांना म्हणतो, पोरींना नाही. पण राग आला की माझ्या जिभेला कुणी दिसत नाही.

ती चिडली नाही, हेच वाईट. शांतपणे म्हणाली, "अप्पा, दहा अल्बम पाठवते. दर तीन दिवसांनी एक. पयल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, मधलं काही सोडायचं न्हाई, आन कसा वाटला ते खरं खरं बोलून पाठवायचं. दहावा झाला की हो म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा. न्हाई म्हणलात तर बीएड करते, तोंडातून शब्द काढणार न्हाई."

मी लगेच कबूल झालो. 'नाही' तर माझ्या खिशातच होतं. फक्त दहा वेळा कान द्यायचा होता.

पहिला अल्बम चार इंग्रज पोरांचा होता, माझ्या जन्माच्याही आधीचा. दिवाळीत मुलगी एक छोटा स्पीकर ठेवून गेली होती, तो लावला. पण शेजारी वेल्डिंग, समोर रसवंतीची घुंगरं, काही ऐकू येईना. मग मी जे रोज करतो तेच केलं. लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक स्पीकरच्या अंगावर टेकवलं आणि मूठ कानाच्या हाडाला लावली. मोटारीचं दुखणं आम्ही असंच ऐकतो. आणि काय सांगू! आतला ढोल थेट माझ्या दाढेत वाजला. मी एवढ्या मोठ्यांदा "आयला!" म्हणालो की गिऱ्हाइकाला वाटलं, मला शॉक बसला.

"पोरं चांगली हायत," मी मुलीला बोलून पाठवलं. "पण एवढी घाई कावून करायलेत? यष्टी सुटायलीय का त्यांची?"

दुसरा अल्बम लावला आणि दोन मिनिटांत रस्त्यावरची माणसं आत आली. "कोणची मोटार गेली वो?" मोटार कुठलीच गेली नव्हती. ते केसाळ गोऱ्या लोकांचं संगीत होतं. मी आयुष्यभर जो आवाज बंद करायचं काम केलं, तो ही माणसं मुद्दाम, सगळी ताकद लावून काढत होती! कोरडं बेअरिंग, सुटलेला पंखा, शाफ्टची खडखड, सगळं एका तालात. मला इतका आनंद झाला की मी पान्ह्याने टेबल बडवायला लागलो. आमची मंडळी वर गच्चीवर कुरडया घालत होती, तिथून ओरडली, "त्या माणसाला आधी पाणी द्या कुणीतरी! घसा बसंल त्याचा!" पण तिने 'बंद करा' म्हटलं नाही, हे मी ध्यानात ठेवलं.

मग आपल्याकडच्या एका जुन्या बुजुर्ग गवयाचा ख्याल आला. इथे खरं बोलायची अट मला नडली, कारण मी झोपलो. चांगली डुलकी काढून उठलो तर ते अजून त्याच शब्दावर होते. मात्र पुढे गाणं चढत गेलं, माझे हात आपोआप त्याच्या मागे धावू लागले, आणि तार भरता भरता मी वेढे मोजायचं विसरलो. तीस वर्षांत पहिल्यांदा. अख्खं कॉईल उलगडून पुन्हा भरावं लागलं, आणि गंमत म्हणजे मला राग आला नाही.

समुद्रापलीकडच्या कुठल्या बेटावरचा एक अल्बम होता, तो सुरू झाला तेव्हा मी स्पीकरच तपासला. ठोका जिथे पडायला हवा तिथे पडेना, नको तिथे पडे. थ्री फेजच्या मोटारीची एक फेज गेली की ती अशीच लंगडते. मी मुलीला कळवलं, "यांची एक फेज गेलेली हाय, पण फेज जाऊन इतकं खूश मी कुणाला बघितलं न्हाई." दिवसभर माझी मान त्या लंगड्या ठोक्यावर हलत राहिली. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने काळजीने विचारलं, "मानंला काय झालं?"

एका बाईचं परदेशी नाटकातलं गाणं आलं, तेव्हा मंडळी कुरडईच्या चिकाचे हात तसेच घेऊन खाली आली. भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. ती बाई वर वर चढत गेली आणि आमची बाई उंबऱ्यात उभी राहून मनगटाने डोळे पुसायला लागली. "कावून रडती ती, एवढं तरी विचारा पोरीला," ती मला म्हणाली. आणि कव्वालीच्या दिवशी तर दुकानात बैठकच बसली. 'आजच पायजे' वाले तिघेजण मोटारी विसरून टाळ्या देत बसले. नियम एकदा ऐकायचा होता, आम्ही तीनदा ऐकला. त्या दिवशी एकही मोटार वेळेवर गेली नाही.

इथे मला भीती वाटू लागली. खिशातलं 'नाही' ढिलं व्हायला लागलं होतं. आणि माझी खरी अडचण पोट भरण्याची नव्हतीच, ते मी फक्त ओरडायला वापरत होतो. ती आमची एकुलती एक. शाळेत लागली तर शनिवारी घरी येईल. आवाजाच्या कामात पडली तर मुंबईला जाईल आणि सणावारालाच दिसेल. हे मी तिला सांगितलं नाही, मंडळीलाही नाही. मला ती जवळ हवी होती, बस.

आठवा अल्बम अमेरिकेतल्या तुतारीसारखं वाद्य वाजवणाऱ्या माणसांचा होता, फार जुना. ही माणसं वाजवण्यापेक्षा थांबतातच जास्त. अशाच एका थांब्यात, स्क्रू-ड्रायव्हर कानाला, मला मागे एक बारीक गुणगुण ऐकू आली. म्हटलं, आपल्याच दुकानातली असेल. उठून मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, टेबलावरची मोटार थांबली. स्पीकर बॅटरीवर चालू. गुणगुण तशीच! म्हणजे ती गाण्याच्या आतच होती. आणि तिच्यात काहीतरी चुकत होतं. आपली लाईट सेकंदाला पन्नास सायकलची, प्रत्येक मोटारीच्या पाटीवर तसं कोरलेलं असतं. तीस वर्षं सकाळी शटर उघडल्यापासून मी तोच एक सूर ऐकत आलोय. ही गुणगुण त्याच जातीची होती, पण चढी.

मी मुलीला थेट फोन लावला. "त्या गाण्यात मागं काहीतरी मशीन चालू राह्यलंय. आन ते आपल्या लायनीवरचं न्हाई. सूर चढा हाय त्याचा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती उठून उभी राहिली असणार.

"अप्पा," ती किंचाळलीच, "अप्पा, अमेरिकेत साठ सायकल असते! आमाला परीक्षेच्या तयारीत एका सरांनी ही गुणगुण दाखवलती. मला धा वेळा ऐकल्यावर ऐकू आली. तुमाला कुणी सांगितलं?"

"मला कोण सांगणार? तीच सांगायली की!"

मी हवेतच होतो. पाटोद्यात बसून मी अमेरिकेची लाईट ऐकली होती, तीही माझ्या जन्माआधीची! रसवंतीवाल्याला सांगितलं, वेल्डिंगवाल्याला सांगितलं, यष्टी स्टँडपर्यंत जाऊन सांगून आलो. ज्याला कळलं नाही त्याला दुसऱ्यांदा सांगितलं. त्या संध्याकाळी मुलीने काही विचारलं नाही, आणि मीही हट्टाने काही कबूल केलं नाही. अजून दोन अल्बम बाकी होते.

नववा एका एकट्या माणसाचा आणि त्याच्या गिटारीचा होता. साधा, घरात बसून गायल्यासारखा. मला तो फार आवडला आणि त्यामुळे बोलायला लांबड लागणार होती. म्हणून मुलीने शिकवल्याप्रमाणे मेसेजचं बटण वर सरकवलं, की मग दाबून धरावं लागत नाही. हात मोकळे ठेवून बोलायला लागलो. एवढ्यात चकलांब्याचा एक शेतकरी मोटार घेऊन आला. जुनं गिऱ्हाईक, बोलका माणूस. मी मोबाइल बाकड्यावर ठेवला आणि कामाला लागलो. हातातलं कॉईल भरून संपवलं, मग त्याची मोटार बघितली, गप्पा झाल्या, चहा झाला. तासाभराने मोबाइल हातात घेतला तर मेसेज चालूच! घाईत थांबवायला गेलो आणि तो सगळाच्या सगळा मुलीला गेला. पुसून टाकायचं कसं ते माहीत नव्हतं, आणि त्यात पुसण्यासारखं काय असणार म्हणून मी विसरूनही गेलो.

तीन दिवसांनी दहावा आला. नाव नाही, चित्र नाही. खाली फक्त एवढंच लिहिलेलं, "अप्पा, आता हो की न्हाई इचारत न्हाई. तुमीच ऐका."

स्पीकर लावला, स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. सुरुवातीलाच गुणगुण. मी हसलो, कारण हा सूर ओळखीचा होता. पन्नास सायकल. मग कुणीतरी मोजू लागलं, "सतरा, अठरा, एकोणीस," आणि ते मोजणं सपाट नव्हतं. प्रत्येक दहाला वर जायचं, मग खाली यायचं, चक्क चाल होती त्याला. कोण बरं गातंय, असं म्हणेपर्यंत कळलं की तो मीच आहे; तासाभराचा माझाच मेसेज पोरीने कापून-जोडून परत पाठवला होता. मी गात मोजतो, हे तीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. जिन्यावरून मंडळीचा आवाज आला, "चहा टाकू का?" मोटार टेबलावर ठेवल्याचा दणका. थोडा वेळ काहीच नाही, म्हणजे तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर माझ्या कानाला असणार. मग माझा आवाज, "वायंडिंग चांगलं हाय. खालचं बेअरिंग गेलंय."

"न खोलता कसं कळलं वो?" चकलांब्याचा शेतकरी.

"कानानं. दुसरं काय हाय आपल्याकडं?"

कपबशीचा आवाज. मग त्याने विचारलं, "पोरगी काय करती सध्या?"

इथे मी स्पीकरकडे जास्तच वाकलो. मी काय उत्तर दिलं होतं ते मला खरोखर आठवत नव्हतं. गेली पाच वर्षं हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला मी 'बीएड करणार हाय' असंच सांगत आलो होतो.

"आवाजाचं शिकती पुण्याला," माझा आवाज म्हणाला. अगदी सहज, चहा पिता पिता. "लई बारीक कान हाय तिचा. माझ्यावर गेलीय."

शटर मी तेव्हा अर्धं खाली ओढलं. डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबेना आणि बाहेर 'आजच पायजे' वाले दोघे उभे होते. पोरगी लांब जाणार म्हणून रडत होतो की पोरीआधी चकलांब्याच्या माणसाला 'हो' सांगून बसलो म्हणून, ते मला आजही सांगता यायचं नाही. मध्येच हसूही येत होतं.

अट होती, प्रत्येक अल्बमवर बोलून पाठवायचं. मी बटण वर सरकवलं. काहीतरी बोलावं म्हणून दोनदा तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. टेबलावर एक मोटार चालू होती, तिची गुणगुण तेवढी मोबाइलमध्ये जात राहिली. शेवटी तो मेसेज तसाच पाठवून दिला.

तिने तो पूर्ण ऐकला असणार, कारण उत्तर यायला बरोबर तेवढाच वेळ लागला.

"ऐकू आलं, अप्पा."