कुंकू लावलेला ओंडका

आमची अमरावतीत लाकडाची वखार होती, आणि आम्ही राहत होतो तुराट्यांच्या कुडात, गवती छपराखाली. दारात सागवानाचे ढीग आणि माझ्या चुलीवर पावसाचं पाणी. अक्षरं मी उतारवयात सुनेकडून शिकले, म्हणून हे इतक्या उशिरा लिहिते आहे. लिहितानाही दमायला होतं.

पक्क्या घराला आढं लागतं, म्हणजे छपराचा सगळा भार घेणारं मधलं लांब, सरळ लाकूड. तसा ओंडका मेळघाटातून आला की मी मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगायची, हा आपला. ते हो म्हणायचे. मग कपाशीचा कोणी व्यापारी गोदामासाठी लाकूड मागत यायचा आणि आपला ओंडका त्याच्या गाडीवर चढायचा. ती वर्षंच तशी होती. समुद्रापलीकडे कुठे लढाई चालली होती म्हणे, आणि इथे कपाशीला सोन्याचा भाव. ज्याला त्याला गोदाम हवं, नवी गाडी हवी. गाडीवानांना कापूस वाहण्यात जास्त मिळायचं, त्यामुळे डोंगरातून लाकूड आणायला गाड्या मिळेनात. माल थोडा, विक्री थोडी, पण भाव असा की मालकांची झोप उडाली. आज विकलं की उद्या हळहळायचे, ठेवलं की जिवाला घोर. मला म्हणायचे, यंदा दम धर, भाव उतरला की पहिलं लाकूड तुझं.

शेवटी मीही हट्टाला पेटले. घरासाठी पुजलेलं लाकूड आमच्याकडे कोणी विकत नाही, आणि कोणी घेतही नाही. एक चांगला सरळ ओंडका उतरला त्या दिवशी मी हळदकुंकवाचं ताट घेऊन वखारीत गेले आणि गिऱ्हाइकांदेखत त्याची पूजा केली. मालक रागावले असावेत, पण ते गिऱ्हाइकांना दुसरं लाकूड दाखवायला लागले. कुंकू पुसट होऊ नये म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी ते नव्याने लावायची. नवऱ्यावर माझा तेवढाच विश्वास उरला होता.

ओंडका फाटकाजवळ पडला होता, गाड्या वळतात तिथे. गाडीवान कुठकुठले, त्यांना काय ठाऊक? कुंकू दिसलं की हात जोडायचे. एकाचा घाटात बसलेला बैल उठला, त्याने येऊन नारळ फोडला. दुसऱ्याने शेंदूर फासला. मला आधी बरंच वाटलं, आयती राखण होतेय म्हणून हसायचेसुद्धा. बघता बघता पार मूर्तिजापूरकडच्या बायका नवस बोलायला येऊ लागल्या.

मग ती लढाई थांबली. कपाशी आपटली आणि तिच्यामागे लाकूडही. भाव होता तेव्हा माल नव्हता, आता वखार भरलेली आणि गिऱ्हाईक फिरकेना. मालकांनी मिळेल त्या भावात सगळं काढून टाकलं आणि धंद्याला रामराम ठोकला. राहिला तो एकच ओंडका. त्यांनी आपणहून सुताराला बोलावणं धाडलं.

“घे तुझं आढं,” ते मला म्हणाले. “लय वाट पाह्यली तू.”

मला रडू आलं.

सुतार आला, पायातलं काढून ओंडक्यासमोर बसला. हत्यारांची पिशवी त्याने सोडलीच नाही.

“मालकीनबाई, देवावर वाकस कसा चालवू?”

देव कसला रे, कुंकू मी लावलंय, माझ्या घरासाठी, असं मी त्याला जीव तोडून सांगितलं.

“मंग तुमच्याच हातानं बसला ना देव,” तो म्हणाला, ओंडक्यावर डोकं टेकवलं आणि निघून गेला. दुसऱ्याला बोलावलं, तोही तसाच गेला. दुसरं लाकूड घ्यावं तर हातात काही उरलं नव्हतं. मालक मान खाली घालून उभे होते. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण अंगात तेवढं त्राणही नव्हतं.

आम्ही अजून त्याच गवती छपराखाली राहतो. ओंडक्यावर मात्र गाडीवानांनी वर्गणी काढून कौलं घातली आहेत. संध्याकाळचा दिवा तिथे मीच लावते, कारण पहिलं कुंकू माझं. दिवा लावला की देवाकडे काहीतरी मागायचं असतं. मी आढंच मागते.